अलिबाग आणि आसपासचे किनारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्कामाची चौकशी करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ आणि ७ वाचा. अलिबागची सहल बिघडते ती बहुतेक वेळा चुकीचा किनारा निवडल्याने किंवा भरतीची वेळ न पाहिल्याने.

१. अलिबाग म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? बुकिंग "अलिबागचं" केलं आणि जागा भलतीकडेच निघाली.

अलिबाग शहर लहान आहे. एसटी स्टँड, बाजारपेठ, जिल्ह्याची कार्यालयं आणि समोर कुलाबा किल्ला असलेला किनारा, एवढं सगळं पायी फिरता येतं. चेंढरे, पिंपळभाट, गोंधळपाडा, वेश्वी, कुरूळ ही शहराला चिकटलेली वस्ती. इथे समुद्र दिसत नाही, पण खोल्या स्वस्त मिळतात.

जाहिरातीत मात्र मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत सगळंच "अलिबाग" असतं. शहरापासूनची साधारण अंतरं अशी. उत्तरेला वरसोली २ किलोमीटर, थळ ५, किहीम १२, आवास आणि सासवणे १६ ते १८, मांडवा २०. दक्षिणेला आक्षी ५, नागाव ८, चौल १५, रेवदंडा १७. काशीद ३० किलोमीटरवर आहे आणि ते मुरूड तालुक्यात येतं. बुकिंग करताना गावाचं नाव विचारा. "बीचपासून पाच मिनिटं" हे गाडीने की पायी, तेही विचारून घ्या.

२. कुठला किनारा निवडावा?

हे तुम्ही कशासाठी येताय त्यावर आहे.

अलिबागचा मुख्य किनारा काळपट, घट्ट वाळूचा आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी फार लांब जातं. किल्ला, संध्याकाळची भेळ, घोडागाडी यासाठी तो ठीक. समुद्रात डुंबायला म्हणून या किनाऱ्यावर येऊ नका, गर्दीही असते. लगतच्या वरसोलीला सुरूची झाडं आहेत आणि शनिवार-रविवार सोडला तर बरीच शांतता. शहर जवळ हवं आणि गोंगाट नको, तर वरसोली.

नागाव हे मोठ्या गटांचं ठिकाण. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून घरगुती मुक्काम, किनाऱ्यावर बनाना बोट, जेट स्की, पॅरासेलिंग सगळं एका जागी. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर गावातल्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात, म्हणून अकराच्या आत पोहोचावं. आक्षी त्याच्या शेजारीच, पण स्वभाव वेगळा. खाडीचं मुख, कोळीवाडा आणि हिवाळ्यात किनारी पक्षी. दुर्बीण असेल तर नागावला राहून पहाटे आक्षीला जा.

किहीम जुन्या बंगल्यांचं आणि झाडीचं गाव. सुगरण पक्ष्याचा अभ्यास सलीम अलींनी इथेच केला. आवास-सासवणे आणखी शांत, पण तिथे हाताशी दुकानं-खानावळी कमी आहेत. किराणा, औषधं चोंढीच्या नाक्यावर घेऊन पुढे जावं. थळचा किनारा मासेमारीचा आहे, मासे वाळवण्याचा वास येणारच. तिथे जायचं ते खांदेरी बेटाच्या किल्ल्याची होडी पकडायला (प्रश्न ११).

पांढरी वाळू आणि मोठ्या लाटा हव्या असतील तर काशीद. दिसायला सगळ्यांत देखणा आणि पोहायला सगळ्यांत फसवा (प्रश्न ९). लहान मुलं बरोबर असतील तर आमचं मत नागाव किंवा वरसोली.

३. मुंबईहून यायचा सोपा मार्ग कोणता?

गाडी नसेल तर गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याची बोट. प्रवास तासाभराचा. काही बोटसेवांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागला जाणारी बस असते, तिकीट काढताना विचारून घ्या. किहीमला जायचं असेल तर अलिबागपर्यंत न जाता वाटेत चोंढीला उतरा. बसमध्ये चढतानाच तसं सांगा.

गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो. २०२० साली सुरू झालेल्या या सेवेत मोटारी आणि दुचाक्या दोन्ही जातात. रविवारी संध्याकाळची परतीची फेरी सगळ्यांत आधी भरते, म्हणून आधी परतीचं बुकिंग पाहा आणि मग जाण्याचं. गाडी चढवायची असल्याने सुटायच्या वेळेआधी निदान पाऊण तास धक्क्यावर हजर असावं.

रस्त्याने मुंबईहून शंभर किलोमीटरच्या आसपास : पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. अडचण वडखळला येते. गोव्याकडची आणि अलिबागची वाहनं तिथे फुटतात आणि शनिवारी सकाळी तास-दीड तास सहज जातो. अटल सेतूने शिवडीहून चिर्ल्यापर्यंतचा वेळ वाचतो, पण पेण-वडखळ टळत नाही. टोल भरून पुन्हा वडखळच्या रांगेत उभं राहायचं, हे लक्षात घेऊन ठरवा. सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. सकाळी सहाच्या आत वडखळ ओलांडलं तर रस्ता मोकळा मिळतो.

४. पुण्याहून? रेल्वे आहे का?

पुण्याहून द्रुतगती मार्गाने किंवा जुन्या रस्त्याने खोपोली, तिथून पेण, वडखळ. अंतर साधारण १४५ किलोमीटर. थेट एसटी आहेत. अलिबाग शहराला प्रवासी रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण, तिथून एसटीने तासभर.

५. पावसाळ्यात यावं का? बोटी चालू असतात का?

हिरवळीसाठी जरूर या, समुद्रासाठी नको. गेटवे-मांडवा बोटी साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. रो-रो पावसाळ्यातही चालते, पण हवामान बिघडलं की फेरी ऐनवेळी रद्द होते. गाडी बोटीवर चढवायला येऊन रस्त्याने परत जावं लागण्याची तयारी ठेवा. वॉटर स्पोर्ट्स, कुलाबा किल्ल्याची होडी, खांदेरी आणि जंजिऱ्याच्या होड्या या काळात बंद. मुसळधार पावसात प्रशासन किनाऱ्यांवर बंदीही घालतं. त्या दिवसांत कनकेश्वर, चौल, रेवदंडा करावं (प्रश्न १२).

६. स्वतःची गाडी नाही. फिरायचं कसं?

रेवस, मांडवा, रेवदंडा, मुरूड या सगळ्या दिशांना अलिबाग स्टँडवरून एसटी जातात. जवळच्या गावांना माणशी भाड्याच्या सहाआसनी विक्रम-मिनीडोर आहेत, त्या भरल्या की सुटतात. अंधार पडला की त्यांची संख्या एकदम कमी होते. नागावला किंवा किहीमला राहून रात्री शहरात जेवायला जाणार असाल तर परतीची रिक्षा आधी बोलून ठेवा. एका दिवसात चौल, रेवदंडा, कोर्लई करायचं असेल तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवणं स्वस्त आणि सोपं. थांबण्याचे तास आधीच ठरवून घ्या, नंतर वाद होतो तो त्यावरूनच.

७. कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येतं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तर रोज बदलतं, कारण भरती दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. नेटवर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, ते अलिबागला चालतं. पण घरात कालनिर्णय असेल तर त्याचीही गरज नाही. कोकणात जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होऊ शकते.

यावरून कामाची गोष्ट निघते. तृतीया ते षष्ठीला ओहोटी सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, ऊनही कमी आणि पाणीही चांगलं ओसरलेलं. किल्ल्यासाठी हेच दिवस उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी ओसरतं खूप, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पडते. दिवसा जाऊन परत येणाऱ्याला त्या दिवशी होडीच घ्यावी लागते.

अष्टमी-नवमीच्या आसपास ओहोटी बरोबर दुपारी येते, म्हणून लोक निर्धास्त येतात आणि फसतात. त्या दिवसांत भांग असतो. भरती कमी चढते, तशी ओहोटीही कमी उतरते. पाणी पूर्ण आटत नाही, मधल्या पट्ट्यात गुडघाभर उरतं. मोबाइल, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून चालावं, नाहीतर घोडागाडी किंवा होडी घ्यावी.

निघायचं पूर्ण ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी. चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागायचं. वाटेत शिंपले आणि धारदार खडक आहेत, पट्ट्याच्या चपला घाला. साध्या स्लिपर चिखलात अडकतात आणि अनवाणी पाय कापतो.

८. किल्ल्यात पाहायचं काय? आणि भरती मधेच सुरू झाली तर?

दीड तास पुरतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. सुटे पैसे जवळ ठेवा. शिवाजी महाराजांनी १६८० साली किल्ल्याचं काम सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं होतं. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि समोर पायऱ्यांची पुष्करणी. चहूकडे खारं पाणी असून आतल्या विहिरीला गोडं पाणी लागतं. तटावर चाकाच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या दोन इंग्रजी तोफा चुकवू नका, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं वाचता येतं. तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, लाटेचं पाणी फटींतून निघून जातं आणि तटावरचा मारा कमी होतो. उत्तरेला लहानसा सर्जेकोट आहे, तिथे फक्त पूर्ण ओहोटीलाच जावं.

भरती लागली आणि तुम्ही आत असाल तर आतच थांबा. हंगामात होड्या येतात, त्या तुम्हाला किनाऱ्यावर आणतील. नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागेल. कंबरभर पाण्यातून "एवढंच तर आहे" म्हणत निघणं हाच खरा धोका. मधला भाग किनाऱ्याजवळच्या भागापेक्षा खोल असल्याने समोर वाळू दिसत असताना पाणी छातीपर्यंत येतं, आणि ओढही आडवी असते.

९. समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

गुडघाभर, फार तर कमरेपर्यंत, दिवसाउजेडी, आणि भरती चढत असताना. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं. काशीदला किनारा एकदम उतरता आहे. चार पावलांत तळ जातो आणि फुटलेली लाट परतताना पाय उचलते. बुडण्याच्या घटना तिथे वारंवार झाल्या आहेत. नागाव-अलिबाग सपाट असल्याने लोक लांबवर जातात आणि भरती मागून वेढते. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे आक्षी, रेवदंडा, थळ इथे, पाण्यात उतरू नका. वर शांत दिसलं तरी खाली प्रवाह असतो.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हात मारू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ सुटली की मग आत या. पावसाळ्याच्या सुमारास जेलीफिश येतात. डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे एखाद्या कार्डाने अलगद काढा आणि डॉक्टरांकडे जा.

१०. गाडी किनाऱ्यावर उतरवली तर चालेल का?

नाही. घट्ट दिसणारी वाळू खालून पाण्याने भरलेली असते. चाक एकदा फिरलं की खड्डा पडतो, ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते आणि खारं पाणी इंजिनात. पोलीस कारवाई होते ती वेगळीच. दर सुट्टीला अशी एखादी गाडी बातमीत असते.

११. खांदेरी-उंदेरीला जाता येतं का?

येतं. थळच्या बंदरावर कोळ्यांची होडी ठरवावी लागते. भाडं होडीचं असतं, माणशी नाही, म्हणून आठ-दहा जण जमवून जा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. कुलाबा किल्ला त्यांत नाही, याची बऱ्याच जणांना गल्लत होते. बेटावर धक्का, दीपगृह आणि वेताळाचं देऊळ आहे. दगड मारला की धातूसारखा वाजणारा एक मोठा खडकही आहे. खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर घ्या.

उंदेरीची गोष्ट वेगळी. तिथे खडकावर उडी मारून उतरावं लागतं. समुद्र जरा हलता असला तरी नावाडी नकार देतो. त्याने नाही म्हटलं तर पैसे वाढवून पाहू नका. नोव्हेंबर ते मार्च, सकाळची वेळ सर्वांत चांगली. दुपारी वारा वाढतो.

१२. किनारे सोडून पाहण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे, आणि बहुतेक लोक ते चुकवतात.

कनकेश्वर : मापगावजवळचा डोंगर, सातशेच्या वर दगडी पायऱ्या, वर शंकराचं देऊळ आणि मोठी पुष्करणी. चढायला तास-सव्वा तास. सकाळी सातला सुरू करा, दहानंतर पायऱ्या तापतात. खाण्याच्या पिशव्या हातात ठेवू नका, माकडं आहेत.

सासवणे : शिल्पकार करमरकरांचं घर आणि शिल्पालय. म्हैस, कुत्रा, गावातली माणसं अशी जिवंत वाटणारी शिल्पं. तासभर सहज जातो.

आक्षी : शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा शिलालेख, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. थांबून पाहायला दहा मिनिटं लागतात, तरी नागावला जाणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव तसेच पुढे जातात.

चौल-रेवदंडा : रामेश्वराचं देऊळ, पायऱ्या चढून दत्ताचा डोंगर, आणि पुढे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. हमरस्ता कोटाच्या तटातूनच जातो. आत चर्चचे अवशेष आणि सातखणी मनोरा आहे. १५ व्या शतकात चौलला उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. दीपगृहाच्या बाजूने चढलात तर वाट छोटी पडते. त्या गावात आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरात बोलली जाते.

शहरात कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि इस्रायल आळीतलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर पायी होतं. हिराकोट बाहेरूनच पाहायचा, आत कारागृह आहे. चुंबकीय वेधशाळेबद्दल पुष्कळ जण विचारतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेच्या नोंदी बिघडतील, म्हणून ती १९०४ साली इथे आणली. पण ती चालू संशोधन संस्था आहे, पर्यटनासाठी खुली नाही.

१३. अलिबागला राहून जंजिरा एका दिवसात होतो का?

होतो, पण त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. मुरूड ५० किलोमीटर, रस्ता वळणांचा, दोन तास धरा. होडी पुढे राजपुरीहून. सकाळी सातला निघून आधी जंजिरा, येताना काशीदला थांबा. उलट केलंत तर राजपुरीच्या रांगेत दुपार जाते. शिडाची होडी किल्ल्याच्या दाराशी हलत असताना उतरावं लागतं, गुडघेदुखी असणाऱ्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा.

१४. अलिबागचा पांढरा कांदा खरा कसा ओळखायचा?

२०२२ साली याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून नकली मालही वाढला. खरा कांदा लहान ते मध्यम, किंचित चपटा, पातळ पांढऱ्या सालीचा. कापला तर डोळ्यांना फारसा झोंबत नाही, कच्चा गोड लागतो. पातीसकट वेणी घातलेल्या माळेत विकतात. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव, तळवली ही त्याची गावं. भाताचं पीक निघाल्यावर लावतात, त्यामुळे नवा माल फेब्रुवारीपासून मेपर्यंत. दिवाळीत "ताजा अलिबागचा" म्हणून मोठा, सुटा पांढरा कांदा कोणी देत असेल तर तो दुसरीकडचा समजा. घरी नेल्यावर माळ पिशवीत ठेवू नका, वाऱ्यावर टांगा. बंद राहिली की आठवड्यात मधले कांदे सडतात.

१५. पोपटी कधी मिळते, आणि ती घरी करता येईल का?

पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मिळते डिसेंबर ते फेब्रुवारी, शेंगा असेपर्यंत. मातीच्या मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये मसाला लावलेलं कोंबडीचं मांस पानात बांधून, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, सुकी पानं, काटक्यांचा जाळ. तेल नाही, पाणी नाही. पाल्यातल्या ओलाव्यावर सगळं शिजतं, अर्धा-पाऊण तासात. मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून चुर्र आवाज आला की झालं. पाला सैल कोंबला तर वाफ निसटते आणि खालच्या शेंगा करपतात. भांबुर्डा शहरात मिळत नाही आणि दुसऱ्या पाल्याला तो वास येत नाही, म्हणून इथेच खा. घरगुती मुक्काम असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागतं.

१६. मासे कधी आणि कुठले खावेत?

यांत्रिक होड्यांना १ जूनपासून मासेमारीबंदी असते, जुलैअखेर तरी उठत नाही. त्या काळातलं पापलेट-सुरमई बर्फातलं. तेव्हा खाडीचे मासे, सुकट, सुके बोंबील मागा. जिताडा ही इथली खासियत, खाडीत आणि गावच्या तळ्यांतही वाढवतात. मिळाला तर तळून न घेता कालवण करायला सांगा.

१७. घरगुती मुक्काम ठरवताना काय विचारावं?

पाणी विहिरीचं की टँकरचं, एप्रिल-मेमध्ये हा पहिला प्रश्न. वीज गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालतो की फक्त पंखा. जेवण किती वाजता सांगावं लागतं, आणि माशाचा भाव ताटावर की नगावर. गाडी वाडीच्या आत उभी राहते का. रात्री स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो, हे शांतता हवी असणाऱ्यांनीही विचारावं आणि धिंगाणा हवा असणाऱ्यांनीही. आगाऊ रक्कम मागतील. ती रद्द झाल्यास परत मिळते का, हे लिहून घ्या. बोट किंवा रो-रो रद्द झाल्यामुळे (प्रश्न ५) येता आलं नाही तर काय, हेही त्यातच असू द्या.

१८. कुठले दिवस टाळावेत?

३१ डिसेंबर आणि सलग सुट्ट्या तर आल्याच. शिवाय स्थानिक यात्रा : कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास वरसोलीची, मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलच्या दत्ताची, आणि दोन्ही काही दिवस चालतात. यात्रेसाठीच यायचं असेल तर मजा आहे, पण चौलमार्गे रेवदंड्याला गाडीने जाणार असाल तर त्या संध्याकाळी रस्ता मिळणार नाही. सकाळी जाऊन दुपारी परत या.